कंदिलाचा कस

कागदावर त्याचं नाव लास्ट लँटर्न.
पुतण्या जालिंदरनं हौसेनं लेंगऱ्याच्या माळावर आणला,
आणि संध्याकाळच्या आत
पोरांनी त्याचा कंदील केला.

निकममामा विट्याहून एसटीनं आले, वही घेऊन.
तीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सात,
हँडिकॅपरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसलेले.
घोड्याभोवती एक फेरी मारली, म्हणाले,
एकशे सव्वीस.
नुसतंच. जसं कुणी गाव विचारावं
आणि आपण म्हणावं, विटा.

मी कोइमतूरला बावीस वर्षं गलाई केली.
सोनं आलं की आधी दगडावर रेघ,
मग चहा.
म्हणून विचारलं, एकशे सव्वीस कसले?

मामांनी चष्मा कपाळावर नेला.
मोठ्या कपाची शर्यत, सगळ्यांच्या पाठीवर सारखं वजन,
हा पहिला, पावणेदोन लांबीनं.
दुसरा आला तो एकशे एकवीसचा.
लांबीचे किलो करायचे, किलोचे गुण,
मिळवायचे. झालं.

तो दुसरा एकशे एकवीसचा कशावरून?
त्यानं तिसऱ्याला मागं टाकलेलं, त्यावरून.
आणि तिसरा?
मामा पानं उलटत गेले.
फार मागं, चहाचा डाग पडलेल्या एका पानावर
तिसऱ्याचा आकडा सापडला,
कंदिलावरून काढलेला.

मी हसणार होतो.
पण माझ्या कसोटीशेजारी सुयांचा जुडगा असायचा,
अठराची, वीसची, बावीसची,
गिऱ्हाइकाची रेघ मी त्यांच्या रेघेला लावून बघायचो.
त्या सुयांचा कस कुणी घेतला होता
हे बावीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही.
वडलांकडून आल्या होत्या.

बाबालाल मुजावर खरारा करत होता,
मिरजेचा, घोड्याबरोबरच आलेला, घोड्याइतकाच कमी बोलणारा.
तो म्हणाला, त्या दिवशी शेवटच्या दोनशे मीटरला
मी घोडा नाही बघितला, जॉकीचे हात बघितले.
हललेच नाहीत. चाबूक तसाच काखेत.
आणि ह्याचे कान पुढं,
लग्नाला निघाल्यागत.
मागं कोण आहे ह्याला पत्ताच नव्हता.

ते वहीत येत नाही, मामा म्हणाले.
सहज जिंकला, असं लिहितो आम्ही, एखादा गुण चढा धरतो.
सहज म्हणजे किती सहज,
ते घोड्याला विचारावं लागतं.

विचारलं की, बाबालाल म्हणाला. एकदाच.
साडेबासष्ट किलो, गुडघाभर चिखल,
पुढच्या उजव्या पायाची शीर आधीच गरम,
मी सांगत होतो, गरम आहे.
चौथा आला.
मग पळालाच नाही.

वहीत त्याच्या पुढच्या पानावर एकशे चोवीस होतं.

मुशीत घातल्याशिवाय सोन्याचा पुरता कस कळत नाही,
आणि मुशीत घातलं की पाटली उरत नाही.
हे मी दुकानात बायकांना सांगायचो.
काही जणी पाटली परत हातात चढवायच्या,
म्हणायच्या, राहू दे, अंदाजानंच सांगा.
मला तेव्हा वाटायचं, अडाणी आहेत.

खानापूर रस्त्यावरून एक बुलेट धडधडत गेली.
कंदिलानं मान उचलली, कान पुढं केले,
दुखरा पाय अलगद टेकवला,
जसा काही तिथं कुणाचा तरी पाय आहे, आपला नाही.
बुलेट दिसेनाशी होईपर्यंत तिघंही आम्ही
त्याच्याकडे बघत राहिलो.

मामांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं,
एकशे सव्वीसच्या अलीकडं, समासात जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं, बाबालालनं विचारलं, खरारा न थांबवता.

निदान, मामा म्हणाले.

आणि विट्याची शेवटची गाडी किती वाजता, ते विचारलं.