दप्तरात नाही

लोवेलच्या कालव्यावर अजून बर्फाची साय.
स्टामातियाबाईंनी रेकॉर्डर लावला;
कोझ्मासनं अंगठा पुढे केला.

"पंचवीस मार्चचं नाटक. मी गुप्त शाळेतलं पोर,
पाद्रीबुवांपुढे मेणबत्ती धरून अक्षरं गिरवणारं.
दाराबाहेरचा तुर्क म्हणजे आमचे गणिताचे मास्तर.
मेण ओघळलं अंगठ्यावर. हलायची सोय नाही,
पहिल्या रांगेत बिशप, त्याला लागून इन्स्पेक्टर."

बाईंच्या तिसऱ्या प्रकरणात स्वच्छ लिहिलंय:
अशा शाळेची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.
तेही त्यांनी सांगून टाकलं, जरा खालच्या आवाजात.

"नसेल," म्हातारा म्हणाला.
"आधी कॉफी घ्या."

रेकॉर्डर चालूच.
बाई चष्मा वर सरकवून
वाटाण्याएवढा पांढरा डाग बघत राहिल्या,
मग वहीत टिपलं:
अंगठा, डावा. साल विचारणे.