पांढऱ्याचा हिशेब

पहिलं रोप खोक्यातून आलं,
हवाई बेटांवरून, ओल्या कागदात गुंडाळलेलं,
वीतभर. एकच पान.
सहाशे डॉलर.
वेंडेलने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं
आणि टोपी काढली.
बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने टोपी काढली
ती चर्चमध्ये, आणि आईला मातीत ठेवताना.
एरवी झोपेपर्यंत डोक्यावरच असते.

मी म्हटलं, केळच ना?
तो म्हणाला, बघ तरी.

बघितलं.
हिरव्यावर कुणी दुधाचं भांडं कलंडवलेलं
आणि पुसायचं राहून गेलेलं.
कुठे सायीसारखं दाट, कुठे नुसताच ओघळ,
हिरव्यात राखी, राखीत पांढरं,
खिडकीतल्या उन्हाला धरलं तर
पलीकडची माझी बोटं दिसत होती.
खरं सांगते, दोन मिनिटं मीही बोलले नाही.
त्या दोन मिनिटांची किंमत
नंतर नऊ वर्षं फेडली.

वही माझ्याकडे असते.
सावलीचं जाळं, एकशे ऐंशी.
तुषारांचा पंप.
टँपाच्या एका दंतवैद्याकडून एक कंद,
मुठीएवढा, माझ्या दोन दाढांच्या भावात.
गाडीचा गिअरबॉक्स, तो आलाच नाही,
त्याऐवजी आलेलं जे काही आहे
ते मागच्या अंगणात चौथ्या कुंडीत उभं आहे.
होमस्टेडमध्ये अर्ध्या गावाचे एसी ह्याने दुरुस्त केले.
आमचा दोन उन्हाळे बंद.
केळींवर मात्र दर वीस मिनिटांनी धुकं.

पांढरं काही कमवत नाही,
हे त्यानेच मला शिकवलं.
हिरवं राबतं, पांढरं मिरवतं,
दुपारच्या उन्हाने कडेकडेने करपतं,
आणि जितकं पांढरं जास्त
तितका भाव जास्त, तितकं आयुष्य कमी.
एकदा आख्खा पांढरा मुनवा आला.
मेणबत्तीसारखा.
आईच्या कंदातून उसनं पीत अकरा दिवस जगला.
वेंडेल खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसायचा,
कॉफी तिथेच मागायचा.
बाराव्या दिवशी मी कॉफी नेली,
आणि न विचारता परत आणली.

हिरवे मुनवे मात्र पहारीने उडवायचे,
नाहीतर ते दांडगे सगळं खाऊन टाकतात.
उडवलेले तो कुंपणावरून
ओदिलिया फ्लेरिमोंला द्यायचा.
ती हैतीची. धुण्याच्या पाण्यावर लावायची.
पहिल्यांदा पट्ट्यांचं झाड बघून तिने
एवढंच विचारलं होतं,
आजारी आहे का?

गेल्या जानेवारीत हिमाची रात्र आली.
आम्ही घरातली सगळी पांघरुणं बाहेर नेली,
माझ्या आईची गोधडीसुद्धा,
वर दिवे लावले, आणि साडेतीनला फ्यूज गेला.
सकाळी एकोणीस कुंड्यांत
उकडलेली पालेभाजी.
वेंडेल पाइपवाल्यासारखा एकेक सोपट दाबून बघत होता,
कुठे अजून घट्ट लागतंय का.

ओदिलियाचीही पानं काळी पडली होती.
पण घड आधीच उतरवलेला.
ती एक फणी घेऊन आली,
माझ्याच चुलीवर तळली,
मीठ भुरभुरवलं, आणि आम्ही तिघं उभ्यानेच खाल्ली.
वेंडेल म्हणाला, छान आहे.
मग हात धुवायला गेला तो बराच वेळ गेला.

आता मार्च.
चौथ्या कुंडीत काहीतरी वर आलंय,
पान अजून सुरळीतच, विडीएवढं.
तो म्हणतो, मी आता नाही बघत,
आणि घोरतो.
काल रात्री मीच गेले, अनवाणी,
सुरळीवर टॉर्च धरला,
हिरवा असला तर जगेल, हे मला कळतं.
तरी बुडापासून टोकापर्यंत
मी रेघ शोधत होते.

वहीत लिहिलंय:
टॉर्चचे सेल, चार डॉलर नव्वद.
कुणाच्या खात्यावर, ते लिहिलेलं नाही.