चार बोटं सावली

आमच्या गावात खाऱ्या पाण्याला तोटा नाही.
हापशी मारा, खारं. बोअर पाडा, दोनशे फुटांवरही खारं.
म्हणून कुरिअरवाल्याने मिठाची बादली उतरवली
तेव्हा पारावर आठवडाभर पुरेल एवढं हसू झालं:
"पैसे देऊन पाणी खारवते! काहून बाप्पा,
आमची विहीर कमी पडली काय?"

टाकी चार फुटी. दर्यापूरच्या काचवाल्याने
दोनदा मापं विचारली, शोकेस समजून.
तिच्यात सात प्रवाळ, दोन मासे,
आणि वर एक दिवा,
माझ्या मोटरसायकलच्या अर्ध्या किमतीचा.

निळा वाढवला की सगळं पेटतं.
शेजारची पोरं तोंडाचा आ करून बसतात.
वनिता म्हणाली, "पांढऱ्यात दाखवा.
लुगडं मी ट्यूबलाइटखाली पसंत करत नाही,
दुकानाच्या उंबऱ्यावर नेऊन उन्हात धरते."

पांढऱ्यात दाखवलं.
अर्धे तपकिरी होते. एक, खडकाच्या माथ्यावरचं,
तांदळाच्या धुवणासारखं.

मी सोलरपंप बसवणारा माणूस.
दिवसभर शेतोशेती सावली शोधत फिरतो, मारायला.
बोराटीची एक फांदी पॅनलवर पडली
तर पंप खोकतो आणि फोन मला येतो.
उजेड कमी, ही एकच तक्रार मला ठाऊक.
प्रवाळ फिकट पडलं, मी दिवा वाढवला.
आणखी फिकट.
आणखी वाढवला.

मग अंजनगावहून सासरे आले, तुळशीरामजी,
पानमळ्यात जन्म गेलेला.
घरभर चपला घालून फिरले,
टाकीच्या खोलीशी मात्र दाराबाहेर काढल्या.
कुणी सांगितलं नव्हतं.
दिव्याखाली तळवा धरला,
त्याची सावली फिरवली पाण्यावरून हळू,
निजलेल्या पोराच्या तोंडावरची माशी वारावी तशी.

"हे झाड की जनावर?"
जनावर, मी म्हटलं, पण अंगात शेवाळ पोसतं.
शेवाळ उजेड खातं, त्यावर हे जगतं.
"म्हणजे बटईदार घरातच ठेवला.
मंग एवढं ऊन लावल्यावर
तो पळून नाही जाईन तं काय?"

थोडं थांबून,
"पानवेलीला आधी शेवरी लावा लागते, वेल मागून.
सावली म्हणजे अंधार नाही, जवाई.
पातळ असते, जाड असते, सकाळची निराळी.
जाड झाली तं पान सडते."

वनिताने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा कापला,
चार बोटं रुंद, दुहेरी.
माथ्यावरच्याच्या वर काचेला चिमट्याने लावला.
दिवा मी निम्म्यावर आणला, हात कापत होता
जसा कुणी मीटर बंद करायला सांगावा.

पावणेदोन महिने गेले. धुवणाच्या कडेने
पोपटी रेघ आली, सुईएवढी.

आता नवीनच.
ताटलीसारखं पसरणारं ते जांभळं, आडवं वाढलं,
एवढं, की त्याचाच खालचा मजला
त्याच्याच सावलीत पांढरा पडतो आहे.
दिवा कितीही फिरवा, तिथे पोचत नाही.
अंजनगावला फोन लावला.
"मंग छाट ना," ते म्हणाले, आणि कुणाशी तरी
पानांच्या भावावर बोलू लागले.

पक्कड हातात धरून उभा आहे.
आठला टायमर दिवा मावळवतो.
पावणेआठ झाले.