लाभार्थी

तालमीच्या माडीवर, दर मंगळवारी, चार ते सहा.
सतरा पायऱ्या. बाराव्या पायरीचा टवका उडालाय,
तिथं जो अडखळत नाही
तो जुना सभासद.

पहिल्यांदा गेलो ते बायकोनं नेलं म्हणून.
वर मंदाताई शेटके बसलेल्या,
टेलिफोन खात्यातनं रिटायर.
त्यांना कडेकडेनं दिसतं, मधोमध नुसता डाग.
मला तेव्हा मधोमध चार आण्याएवढं दिसायचं,
भोवतीनं काळोख.
"म्हणजे दोघांचं मिळून एक माणूस होतंय की,"
त्या म्हणाल्या.
मी हसलो नाही.
तेवीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला मी,
बाळासो टिपुगडे,
काचबिंदूनं घरी बसवलेला.
मला कुणाचं फुकट नको होतं.

फुकट तिथं बरंच होतं.
गुळाच्या अडत्यानं दिलेल्या वीस पांढऱ्या काठ्या,
कुणा बाईनं नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला
जेवणावळीऐवजी घेतलेली बोलणारी घड्याळं
(सहा वाजता सगळी एकदम बोलतात,
एक मात्र दोन मिनिटं मागं, हट्टानं),
नजीर बागवानचा चहा, त्याचे पैसे विचारले तर शिव्या,
आणि खालची पोरं.
आखाड्यातनं थेट वर येतात,
अंगाला तांबड्या मातीचा, ताकाचा, हळदीचा वास.

संग्रामनं पहिल्या दिवशी माझा दंड असा धरला
की आता पट काढून चीतच करतोय.
"सोड त्यांना!" मंदाताई ओरडल्या.
"त्यांनी तुझं कोपर धरायचं, तू त्यांचं नाही.
अर्धं पाऊल पुढं राहा.
आणि मुका चालू नको, पायरी आली की सांग."
एवढा दांडगा गडी, हळूच म्हणाला,
"चुकलं, काका."
त्या दिवसापासनं तो मला
खड्डे, बोळ, कुत्री, भिंतीवरची पोस्टरं,
पोस्टरांवरच्या पुढाऱ्यांच्या मिशासुद्धा सांगत नेतो.
एवढं तर मी डोळे होते तेव्हाही बघितलं नव्हतं.

गंगावेशीत एकदा काठी लागली
ती म्हशीच्या पायाला.
कट्ट्यावर धारा चाललेल्या. सगळे थांबले.
म्हैस हलली नाही.
गवळी म्हणाला, "हिला कळतंय, पावणं.
तुम्ही ग्लास घ्या."
पैसे मी दिले. शंभराची नोट,
करंगळीशी मोजून, न चुकता.
सुट्टे पण मोजले.

पण काठीचा टोप दोन महिन्यांत झिजतो.
कोल्हापूरचा रस्ता नायलॉन खातो,
मग नुसती पाइप खरवडत जाते,
दातात कळ येते.
नवा टोप पुण्याहून मागवा, वाट बघा.
मी जुन्या कारखान्यात गेलो.
मालकाचा पोरगा म्हणाला, "मशिनला हात नको हां, मामा."
नाही लावला.
हेल्पर फिरवायचा, बंद करायचा,
मग मी बोट लावायचो. "अजून अर्धं सूत."
पुन्हा. "अजून केसभर."
"कशावरनं?" त्यानं विचारलं.
त्याला काय सांगू.
संध्याकाळपर्यंत चाळीस टोप झाले,
खिशात खुळखुळत घेऊन आलो, चिंचोक्यांसारखे.

बायकोनं दिवा लावला असणार.
तेलाचा वास आला. ती काही बोलली नाही,
नुसती खिशात हात घालून एक टोप काढून
बराच वेळ धरून बसली.

मंगळवारी मंदाताईंनी वही पुढं केली.
लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून खाच केलेली,
खाचेत पेन ठेवायचं, सही रेघेवर येते.
दोन वर्षं मी अंगठाच देत होतो,
सातवी शिकलेला माणूस.
"डाव्या रकान्यात लाभार्थी," त्या म्हणाल्या,
"उजव्यात देणगीदार. थांबा, पुठ्ठा ठेवते."
ठेवला. मी लिहिलं, पूर्ण नाव, वेलांटीसकट.

कुठल्या रकान्यात झालं ते विचारलं नाही.
त्यांनाही मधलं दिसत नाही.
नजीरनं वाकून बघितलं म्हणे,
आणि चहा ओतायला लागला.