शेरा

पाथर्डी फाट्यावर, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सोळा जणी मशीनला गरिबी शिकवतो.
फोटोमागे चाळीस पैसे.

घर दिसलं की चौकट ओढायची.
पत्रा असेल तर लाल, स्लॅबला हिरवी,
फ्रिज दिसला तर पिवळी,
आणि पिवळी पडली की ते घर
यादीत आपोआप खाली घसरतं.
का, ते विचारायचं नसतं.
नियमावलीत पान बावीसला आहे.

भिंतीवर पोस्टर:
'न्याय्य, पारदर्शक, कुणालाही न वगळणारं.'
त्याची चिकटपट्टी सुटलीय,
पंखा लावला की दिवसभर फडफडतं.

मंगळवारी, चारशे अकराव्या फोटोत
फुलेनगरातली आमचीच गल्ली आली.
आधी नळ ओळखला,
नळाला बांधलेली माझ्या जुन्या ओढणीची चिंधी,
मग चंद्रभागा पगारेचं दार
आणि दारातून दिसणारा तो फ्रिज.

तो मला माहीत आहे.
भंगारातून तीनशेला आणलेला. वायरच नाही त्याला.
घुशी पीठ नासतात म्हणून ती त्यात पीठ ठेवते,
खालच्या कप्प्यात नातीची पुस्तकं,
बर्फाच्या खणात आधार कार्ड
आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.
त्या घरात घट्ट लागणारं दार तेवढं एकच.

माझा हात थरथरला,
असं सांगायला बरं वाटलं असतं.
खरं म्हणजे मी घड्याळ बघितलं.
एका फोटोला अकरा सेकंद.

मशीन दुष्ट नाही हो.
पहिलीतल्या पोरासारखं आहे,
दाखवाल ते खरं मानतं, आणि विसरत नाही.
त्याला मी आजवर किती फ्रिज दाखवले,
एकाचीही वायर शोधली नाही.

पिवळी ओढली नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
फ्रिज बंद. आत पीठ.

संध्याकाळी पल्लवी मॅडमनी बोलावलं. चिडल्या नाहीत.
म्हणाल्या, शेरा कुणी वाचत नाही,
तो रकाना फक्त फोटो धूसर असेल तर.
अचूकता घसरली, नव्वद रुपये कापले जातील.
मग पडद्याकडेच बघत, हळू,
'माझी आई त्यात साड्या ठेवायची.'

निमाणीला बस बदलली.
चंद्रभागाबाई उंबऱ्यात बसून पीठ चाळत होती.
म्हटलं, मावशी, हा फ्रिज जरा आत सरकवू या,
दारातून दिसायला नको.
'का गं, कुणाची नजर लागतीय त्याला?'

मी उत्तर दिलं नाही.
दोघींनी मिळून ढकलला,
आत डबा कलंडल्याचा आवाज आला.
त्याच्या जागी जमिनीवर
एक चौकोन राहिला,
कुणीतरी चौकट ओढल्यासारखा.

तिनं त्यावर लगेच बादली ठेवली.