दम

गोळी सुटली तेव्हा असरची अजान नुकतीच संपली होती.
पाहुणा म्हणाला, लागली.
दोन्ही लँडक्रूझर घुरघुरल्या.
मुसल्लमनं काठी आडवी धरली.
चाकांखाली सगळं पुसून जाईल,
एवढंच त्याला म्हणायचं असावं.

अर्धा तास थांबलो.
जखमी जनावराच्या लगेच मागं लागलं
तर ते मरणसुद्धा पायांत घेऊन पळतं.
एकटं सोडलं तर सावली बघून बसतं.
हे मला गयाथीत कुणी शिकवलेलं नाही.

आधी केस. आखूड, पांढरे. म्हणजे पोट.
मग वाळूवर काळपट थेंब,
त्यात चघळल्या पाल्याची हिरवी कणी.
छातीत बसली असती तर गुलाबी फेस असता,
शंभर पावलांत काम संपलं असतं.
हे लांबणार होतं.

मुसल्लमच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
तो गुडघ्यावर बसतो, खुराचा ठसा बोटांनी चाचपतो,
कड ढासळली का अजून उभी आहे ते बघतो,
आणि म्हणतो, दम, दम.
त्याच्या भाषेत रक्त.
माझ्या कानात मात्र आजा:
दम धर, पोरा.
मी दोघांचं ऐकत चाललो.

जिथं शेवटचा थेंब, तिथं खूण ठेवायची.
त्यानं डावी चप्पल ठेवली.
बऱ्याच पुढं, उजवी.
मग माझ्या दोन.

आजाचं नाव सुरमल. तांत वळून फास करायचा,
गाभण मादी अडकली तर दातांनी गाठ सोडायचा.
पासपोर्टच्या चौकशीला हवालदार पालावर तीनदा आला.
धंदा काय?
बाप म्हणाला, मजुरी.
आजा बोलला नाही. बुटांचे ठसे तेवढे बघत राहिला,
आणि तो गेल्यावर म्हणाला,
उजवा गुडघा दुखतोय बिचाऱ्याचा.

शाळा तिसरीपर्यंत. हे वाचायला त्याआधीच यायचं:
मागचा डावा आता ओढतोय,
खूर, रेघ. खूर, रेघ.
रीम म्हणतात इथं.
आपला चिंकाराच,
उन्हात घालून रंग उडालेला.

वारा उठला. टेकाडाची धार
धुरासारखी सुटायला लागली.
ठसे गेले, थेंब गेले.
मग मुंग्या सापडल्या.
त्यांना कुणी थांबायला सांगितलेलं नव्हतं.

कुंपणाच्या तारेजवळ एकच झाड.
हे लोक गाफ म्हणतात.
मी शेंग मोडून बघितली:
आमच्या शिवेवरची सौंदड.
इतक्या लांब येऊन
ती काय करत होती कोण जाणे.

खाली रीम.
मान वर. पापण्यांत वाळू.
कानात पिवळा बिल्ला, एक्केचाळीस.
याच हातानं मी तो टोचला होता, मागच्या हिवाळ्यात.

हय्य? मुसल्लमनं विचारलं.
हो म्हणालो, मराठीत. त्याला कळलं.

त्यानं सुरी काढली. हात थरथरत होते,
नाव घेताना आवाज थरथरला नाही.
मी मान धरली.
कानामागं ताप आल्यासारखं ऊन.
अशा वेळी आजा जनावराशी बोलायचा,
रागावू नको, पोरं उपाशी आहेत.
मीही तोंड उघडलं.
पण इथं
उपाशी कोण होतं?

वाक्य अजून तिथंच आहे,
घशात, वाळूच्या चवीचं.

परत येताना ओझं खांद्यावर.
मुसल्लम पुढं, एकेक चप्पल गोळा करत,
अंधारात न चुकता.
फार्मवर एकच गाडी उरलेली.
दिलमुराद पाइप लावून ती धूत होता.
पाहुण्याचं विमान होतं, म्हणाला.
मिळालं का?
मिळालं.

मग वही काढली. रोज लिहावी लागते.
नंबर: ४१.
कारण, या रकान्यापाशी पेन थांबलं,
मालकाची लिपी मला येत नाही.
मी एक रेघ ओढली,
जरा तिरकी, शेवटी पुसट होत गेलेली.
मुसल्लमनं बोट फिरवून ती बघितली
आणि काही न बोलता वही मिटली.