उभं राहून

"पुन्हा उभंच?" दिओलिंदा हसते,
लाकडी पाटावर चढते, कठडा धरते.
एकेचाळीस वर्षं उभी राहिले, म्हणते,
आणि आता परीक्षा कसली, तर उभं राहण्याची.

काय करणार. आडव्या पायातलं रक्त
गुमान वर जातं, पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं.
कोण कुठे घसरतं ते उभ्या पायातच कळतं.

गार लागेल हं, मी जेल लावता लावता सांगते.
"बाई, मी बर्फातून मासे उपसलेत."
मातोझिन्योशला, डबाबंद माशांच्या कारखान्यात.
नावा लागल्या की भोंगा व्हायचा,
आणि झोपेतही आपला भोंगा ओळखून
ती उठायची, ओल्या फरशीवर जाऊन उभी राहायची,
सार्डिनची मुंडकी खुडत
उजाडेपर्यंत.

पोटरीवर निळ्या-जांभळ्या गाठी,
गुडघ्याच्या आतून वळसे घेत वर गेलेल्या.
घोट्याशी कातडी तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखी.
"आमच्या घरात पाय असेच.
आईचे असे, मावशीचे असे.
थोरलीला सोन्याची कर्णफुलं मिळाली, मला हे."
आईच्या घोट्यावरची जखम चौदा वर्षं उघडी होती.
कोबीची पानं बांधायची.
वास यायचा. जेवताना कुणी काही बोलायचं नाही.

मी पोटरी दाबते: पडद्यावर निळं वर चढतं.
सोडते: आणि लाल
खाली येत राहतं, येतच राहतं,
एक, दोन, तीन, चार सेकंद.
यंत्रातून आवाज, कुणी ओली फरशी झाडतंय तसा.
"हे काय?"
शिरेत झडपा असतात, चिमुकल्या.
रक्त वर गेलं की मागे दार लागतं.
तुमची दारं आता पुरती लागत नाहीत.
पावलागणिक पोटरी रक्त वर ढकलते,
पण पाऊलच टाकलं नाही तर ढकलणार कोण?
ती जरा वेळ गप्प.
"जागा सोडायची नाही, असा नियम होता."

पुढच्या मंगळवारी
डॉक्टर गुडघ्याजवळ एक टोच मारतात,
बारीक तार आत सरकवतात,
शिरेभोवती भूल मिसळलेलं गार पाणी भरतात
आणि उष्णतेनं ती वाट आतून मिटवत आणतात,
बोटभर, मग बोटभर.
माझे डोळे पडद्यावर.
दिओलिंदा जागी. छताकडे बघत एकदम विचारते,
"वाट बंद केलीत, मग रक्त जाणार कुठून?"
खोलातल्या मोठ्या शिरांतून.
बरंचसं पहिल्यापासून तिथूनच जातं.
"म्हणजे हिला काही काम नव्हतं?"
होतं थोडं. बिघडल्यापासून नुसतं वरचं खाली ढकलत होती.
"आमचा मुकादम आदेलिनू!"
आणि इतकी हसते
की डॉक्टरांना हात थांबवावा लागतो.

लगेच उठायचं, चालायचं. याचंच तिला नवल.
घट्ट मोजा चढवायला शिकायचं म्हणून सून आलेली.
रबरी हातमोजे घाला, पकड येते,
हे मी म्हणायच्या आत
दिओलिंदानं पिशवीतून स्वतःचे काढले,
पिवळे, कारखान्यातले, बोटांशी पांढरट झालेले,
आणि मोजा एका दमात मांडीपर्यंत.
सून नुसती बघत राहिली.

डाग राहील, मी सांगते. फिकटला तर थोडा फिकटेल.
संध्याकाळी पाय उशीवर, छातीच्या वर.
नव्या शिरा पुढेमागे फुगूही शकतात.
"फुगू देत. तुमचा पत्ता आहे माझ्याकडे."

खिडकीतून दिसते, बसथांब्यावर.
बाक अख्खा रिकामा. सून बसलीय, शेजारची जागा थोपटतेय.
ही उभीच,
पण टाच उचलते, टेकते,
उचलते, टेकते,
मी शिकवलं तसं, थोडं जास्तच जोरात.
बस येते, दार उघडतं.
ती आधी मोजणी पुरी करते.